तिरकी गोळी सुटत नाही : रोबोट्रॉनच्या जॉयस्टिकचा दर पावसाळ्यात परतणारा बिघाड

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवण्याच्या जागेला लागून एक लहान खोली आहे आणि त्या खोलीत आम्ही काही जणांनी मिळून बांधलेले आर्केड पद्धतीचे कॅबिनेट उभे आहे. आत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे, त्यावर मेम हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, चालतो आणि वरच्या पॅनेलवर शेजारी शेजारी दोन जॉयस्टिक आहेत, कारण हे कॅबिनेट मुळात ‘रोबोट्रॉन : २०८४’ या एका खेळासाठीच बांधले गेले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की महिन्याभरात एक तक्रार येते, आणि सलग तीन वर्षे ती जवळजवळ त्याच शब्दांत आली : उजव्या जॉयस्टिकने गोळी वर जाते, उजवीकडेही जाते, पण वर-उजवीकडे तिरकी जात नाही. पहिल्या वर्षी आम्ही दुरुस्ती करणाऱ्याकडून संपूर्ण जॉयस्टिक बदलून घेतली. दुसऱ्या वर्षी तिचे चारही मायक्रोस्विच, म्हणजे दांडा कलला की दाबले जाणारे लहान स्विच, बदलले. दोन्ही वेळा खेळ पूर्ववत झाला आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात बिघाड परत आला. तिसऱ्या वर्षी कोणताही भाग बदलण्याआधी एकेक गोष्ट मोजून पाहिली, तेव्हा कळले की एकाच लक्षणामागे एकमेकांशी संबंध नसलेले दोन बिघाड होते आणि आम्ही ते दोन्ही एकच समजत होतो. ज्यांच्याकडे दोन जॉयस्टिकचा असा खेळ आहे आणि हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, त्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने ही तपासणी येथे मांडली आहे.

तिरकी दिशा गेल्याने एवढे काय बिघडते, हे हा खेळ न खेळलेल्यांना चटकन पटत नाही, म्हणून त्याविषयी थोडे आधी. रोबोट्रॉन विल्यम्स या कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणला. तो यूजीन जार्विस आणि लॅरी डिमार यांनी रचला. त्यात गोळी झाडण्याचे बटणच नाही. डावी जॉयस्टिक माणसाला आठ दिशांना चालवते आणि उजवी जॉयस्टिक आठ दिशांना गोळ्या झाडते, त्यामुळे एकीकडे पळत असताना दुसरीकडे मारा करता येतो. १९८० च्या ‘बर्झर्क’मध्ये एकच जॉयस्टिक आणि एक बटण होते, आणि गोळी झाडायची म्हणजे माणसाला जागीच थांबावे लागे, रोबोट्रॉनची सारी रंगत हे थांबणे काढून टाकण्यात आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आपण पडद्याच्या मधोमध असतो आणि शत्रू सर्व बाजूंनी असतात. ग्रंट नावाचे यंत्रमानव सरळ आपल्या अंगावर चालून येतात आणि फेरी जितकी लांबते तितका त्यांचा वेग वाढतो. हल्क गोळीने मरत नाहीत, फक्त मागे ढकलले जातात. फिरती गोलाकार यंत्रे कडेला आणि कोपऱ्यांकडे सरकतात आणि तिथून नवे शत्रू बाहेर सोडतात. कोपऱ्यातल्या शत्रूवर मारा करायचा तर तिरकी गोळी हवीच. आठपैकी एक दिशा नसेल तर तो कोपरा पूर्ण खेळभर उघडा राहतो, आणि खेळणाऱ्याला वाटते की आपला हातच चुकतो आहे. आमच्याकडे ही गोष्ट मोठ्यांच्या आधी शेजारच्या मुलीच्या लक्षात आली. “काका, मी दांडा कोपऱ्यात धरला तरी ती एकदा वर मारते नाहीतर एकदा उजवीकडे मारते, मधे मारतच नाही,” असे तिने सांगितले होते. हे निरीक्षण अगदी अचूक होते आणि ते तेव्हाच नीट ऐकले असते तर दोन वर्षांचा खर्च वाचला असता.

तिरकी दिशा कशी तयार होते

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक आर्केड जॉयस्टिकमध्ये आठ स्विच नसतात, चारच असतात : वर, खाली, डावे, उजवे. दांड्याच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक जाड गोल भाग बसवलेला असतो, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. दांडा कलला की तो समोरच्या बाजूच्या मायक्रोस्विचला दाबतो. दांडा कोपऱ्यात नेला की तो शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबतो आणि ‘वर’ व ‘उजवे’ हे दोन संदेश एकत्र आले की खेळ त्याचा अर्थ ‘वर-उजवे’ असा लावतो. तिरक्या दिशेला स्वतःची अशी तार किंवा स्विच नाही. म्हणून ‘तिरकी चालत नाही’ या तक्रारीचा अर्थ एवढाच की दोन स्विच एकाच क्षणी दाबले गेल्याचे खेळाला कळत नाही, आणि असे होण्याची कारणे दोन अगदी भिन्न प्रकारची असू शकतात. एक तर दोघांपैकी एक स्विच मुळातच अधूनमधून चुकतो आहे. नाहीतर दोन्ही स्विच निर्दोष आहेत, पण दांडा दोघांना एकत्र दाबण्याइतका कोपऱ्यात पोहोचत नाही, किंवा पोहोचला तरी पुढे सॉफ्टवेअर ती जोडी स्वीकारत नाही.

त्यामुळे स्क्रू सोडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे : ती दिशा एकेकटी शंभर टक्के चालते का? ‘वर’ सावकाश पन्नास वेळा दाबावे, मग ‘उजवे’ पन्नास वेळा दाबावे. पन्नासपैकी दोन-तीन वेळा जरी संदेश आला नाही तरी तो संपर्काचा, म्हणजे विजेचा बिघाड आहे. दोन्ही दिशा एकेकट्या पन्नासच्या पन्नास वेळा येतात आणि फक्त जोडीने येत नाहीत, तर तो यांत्रिक किंवा सॉफ्टवेअरचा बिघाड आहे. खेळ चालू ठेवून ही चाचणी करू नये, कारण गोळ्यांच्या गर्दीत एखादी चूक सहज निसटते. रास्पबेरी पायवर लिनक्सची ‘जेएसटेस्ट’ ही छोटी आज्ञा वापरावी. जॉयस्टिक अक्षांवर, म्हणजे बटणांऐवजी आडव्या आणि उभ्या दिशेच्या आकड्यांवर, जोडलेली असेल तर दांडा मध्ये असताना ० दिसते आणि टोकाला नेला की ३२७६७ किंवा उणे ३२७६७ दिसते, मधले काहीच नाही. मूळ यंत्रातही अशी सोय होती : नाण्यांच्या दाराआडच्या ॲडव्हान्स बटणाने ज्या तपासण्या सुरू होतात त्यांत स्विच टेस्ट आहे आणि दाबलेल्या स्विचचे नाव ती पडद्यावर दाखवते. मेममध्ये हे बटण एफ-२ कळीवर असते. मात्र जेएसटेस्ट इम्युलेटरच्या अलीकडचे चित्र दाखवते आणि स्विच टेस्ट पलीकडचे. दोन्हींत फरक आढळला तर दोष त्या दोघांच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे इम्युलेटरच्या मांडणीत आहे, हे तारेला हात न लावता सिद्ध होते. म्हणून दोन्ही कराव्यात.

आधी सॉफ्टवेअर, कारण त्याला वेळ कमी लागतो

मेममध्ये जॉयस्टिकचा नकाशा ठरवणारा एक पर्याय आहे, ‘जॉयस्टिक मॅप’. तो ‘ऑटो’वर असतो तेव्हा प्रत्येक खेळाला चार दिशा लागतात की आठ हे मेम स्वतः पाहते. पण पॅकमॅनसारख्या चार दिशांच्या खेळात दांडा कोपऱ्यात गेला की पात्र अडखळते, म्हणून पुष्कळ जण या पर्यायात चार दिशांचा नकाशा लिहून ठेवतात आणि तो सर्व खेळांच्या सामाईक मांडणीत लिहितात. त्या दिवसापासून आठ दिशांच्या प्रत्येक खेळातील तिरक्या दिशा जातात. असा नकाशा हवाच असेल तर तो केवळ पॅकमॅनच्या नावाच्या वेगळ्या मांडणी फाइलमध्ये लिहावा. मेम प्रत्येक खेळासाठी अशी स्वतंत्र फाइल वाचते. दुसरी शक्यता अशी की टॅब कळ दाबून उघडणाऱ्या यादीत, या खेळापुरत्या नेमणुकांमध्ये, एखाद्या दिशेवर चुकून दोन संदेशांची जोडी नोंदली गेलेली असते. ती नोंद पुसून पुन्हा एकेक दिशा नेमावी, आणि नेमताना दांडा अगदी सरळ ढकलावा.

जे जॉयस्टिकशिवाय, लॅपटॉपच्या कळफलकावर खेळतात त्यांचे दुखणे निराळे आहे आणि त्याला दुरुस्ती नाही. मेममध्ये रोबोट्रॉनची चाल ई, एस, डी, एफ या कळांवर आणि मारा आय, जे, के, एल या कळांवर असतो; तिरके चालत तिरके मारायचे तर एकाच वेळी चार कळा दाबाव्या लागतात. स्वस्त कळफलकात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसवलेल्या असतात आणि त्या जाळ्याच्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकत्र दाबल्या गेल्या की चौथीही दाबल्यासारखी दिसते. हा गोंधळ टाळण्यासाठी कळफलक तिसरी कळच नाकारतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट यांना बहुधा स्वतंत्र जागा असते, म्हणून काही दिशा त्यांच्यावर नेमून पाहता येतील, पण खरे उत्तर जॉयस्टिक किंवा दोन दांड्यांचा गेमपॅड हेच.

पहिला बिघाड : पावसाळा आणि चांदीचे संपर्क

आमच्या चाचणीत ‘वर’ पन्नासपैकी त्रेचाळीस वेळाच आला. उजवीकडची दिशा पूर्ण आली. म्हणजे निदान अर्धा दोष ‘वर’च्या स्विचमध्ये होता, आणि तो स्विच जेमतेम वर्षाचा होता. मल्टिमीटरच्या बीपने तो चांगला वाटला, आणि इथेच आम्ही आदल्या वर्षी फसलो होतो, कारण मल्टिमीटर थोडाफार रोध असला तरी बीप देतोच. बीपवर न जाता ओहमचा आकडा पाहावा. नवा स्विच दाबून धरला की आकडा एका ओहमच्या आत स्थिर राहतो. आमच्या स्विचमध्ये तो दर दाबाला बदलत होता, कधी चाळीस, कधी काही हजार, आणि मधूनच अनंत.

याचे कारण समजले की दर पावसाळ्याचे कोडे सुटते. बाजारात सहज मिळणाऱ्या मायक्रोस्विचवर ५ ॲम्पिअर, २५० व्होल्ट असे काहीतरी छापलेले असते. हा आकडा मोठा म्हणजे स्विच चांगला, असे आपण गृहीत धरतो. असा स्विच मोटार किंवा दिवा चालू-बंद करण्यासाठी केलेला असतो आणि त्याचे आतले संपर्क चांदीच्या मिश्रधातूचे असतात. हवेतील गंधकामुळे चांदीवर काळपट थर येतो, देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर येतो तसाच, आणि दमट हवेत तो लवकर येतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही. २३० व्होल्टच्या दिव्याला जोडलेल्या स्विचमध्ये दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि ती हा थर जाळून टाकते, त्यामुळे तो स्विच वर्षानुवर्षे चालतो. जॉयस्टिकचा एन्कोडर, म्हणजे स्विचचे संदेश संगणकाला पोहोचवणारा छोटा बोर्ड, मात्र स्विचमधून नाममात्र प्रवाह सोडतो. पाच व्होल्ट आणि दहा हजार ओहमचा रोध धरला तर तो अर्धा मिलिॲम्पिअर होतो. स्विच थेट रास्पबेरी पायच्या पिनांना जोडले असतील तर तिथे व्होल्टेज ३.३ असते आणि आतला रोध सुमारे ५० हजार ओहमचा, म्हणजे प्रवाह एका मिलिॲम्पिअरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. एवढ्याशा प्रवाहाला तो थर फोडता येत नाही. म्हणजे जितका दणकट स्विच आपण आणतो तितका तो या कामाला अयोग्य ठरतो, आणि नवा स्विच बसवल्यावर खेळ सुधारतो तो केवळ त्याचे संपर्क अजून काळवंडलेले नसतात म्हणून. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते काळवंडतात.

यावर कायमचा उपाय म्हणजे सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचे, कमी प्रवाहासाठी केलेले मायक्रोस्विच. सोन्यावर असा थर येत नाही. आकार आणि स्क्रूंची भोके तीच असतात, त्यामुळे जॉयस्टिकमध्ये काहीही कापावे लागत नाही. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात मायक्रोस्विच विचारला की समोर पाच ॲम्पिअरचाच येतो. तिथे ‘गोल्ड कॉन्टॅक्ट, लो करंट’ असे स्पष्ट शब्दांत मागावे आणि माहितीपत्रकात किमान प्रवाहाचा आकडा पाहूनच घ्यावा. दोन-तीन दुकाने फिरावी लागतील, कदाचित मागवून घ्यावे लागतील, पण थांबणे योग्य. हे स्विच पुढे कधी दिव्याच्या किंवा मोटारीच्या कामाला मात्र वापरू नयेत, कारण मोठ्या प्रवाहाने सोन्याचा पातळ थर उडून जातो.

ज्यांना स्विच बदलायचे नाहीत आणि ज्यांचे स्विच थेट रास्पबेरी पायला जोडलेले आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. प्रत्येक पिनपासून ३.३ व्होल्टच्या पिनेपर्यंत एक हजार ओहमचा रोध लावावा. असे केले की स्विच दाबलेला असताना त्यातून सुमारे ३.३ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो, म्हणजे पूर्वीच्या कितीतरी पट. हा रोध पाच व्होल्टच्या पिनेला कधीही जोडू नये. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक सहन करत नाहीत आणि बोर्ड कायमचा निकामी होतो. बाहेरून आणलेल्या यूएसबी एन्कोडरवर हा प्रयोग मी सुचवणार नाही, कारण त्या बोर्डांची आतली जोडणी एकसारखी नसते. राहिला प्रश्न फवारणीचा. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्विचच्या दट्ट्याजवळ सोडून स्विच शंभरेक वेळा दाबला की काही आठवडे बरे जातात, आणि घरी पाहुणे जमलेले असताना एवढे पुरेसे आहे. गंज सोडवणारे तेल मात्र स्विचमध्ये घालू नये, त्याचा चिकट थर आत राहतो आणि त्यावर धूळ बसते.

त्याच वेळी तारांची टोकेही पाहावीत. चारही स्विचची एक बाजू एकाच सामाईक तारेने माळेसारखी जोडलेली असते. त्या माळेतले एखादे टोक ढिले झाले तर त्याच्या पुढचे सगळे स्विच अधूनमधून बंद पडतात. एकाहून अधिक दिशा एकदम चुकत असतील तर स्विचला दोष देण्याआधी ही तार ओढून पाहावी. आणि नवा स्विच लावताच गोळीबार आपोआप सुरू होऊन थांबतच नसेल, तर तार ‘नॉर्मली ओपन’ (दाबल्यावरच जोडले जाणाऱ्या) टोकाऐवजी ‘नॉर्मली क्लोज्ड’ (न दाबताच जोडलेल्या) टोकाला लागलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा बिघाड : दांडा कोपऱ्यापर्यंत जात नव्हता

सोन्याचे स्विच बसवल्यावर ‘वर’ पन्नासच्या पन्नास वेळा येऊ लागला. तिरकी गोळी तरीही दहापैकी चार-पाच वेळाच सुटत होती. याचा अर्थ प्रश्नाचे दुसरे उत्तरही आमच्या बाबतीत खरे होते : एकेकट्या दिशा पूर्ण, जोडी अपुरी.

अशा वेळी पहिली शंका जॉयस्टिकच्या तळाशी असलेल्या गेटवर, म्हणजे दांड्याची हालचाल मर्यादित करणाऱ्या चौकटीवर घ्यावी. पुष्कळ जॉयस्टिकमध्ये ही प्लेट फिरवून बसवली की चार दिशांची होते आणि दांडा कोपऱ्यात जाऊच शकत नाही. दुरुस्ती करणारे जॉयस्टिक उघडून परत बसवताना प्लेट नकळत फिरवतात. पण तसे असेल तर चारही कोपरे सारखेच बंद होतात. आमचा एकच कोपरा बंद होता, त्यामुळे गेट निर्दोष ठरले. दुसरी शंका ॲक्च्युएटरवर : तो झिजला की दोन्ही स्विच एकत्र दाबले जाण्याचा पट्टा अरुंद होतो, आणि त्याला धरून ठेवणारी सर्क्लिप सैल झाली की तो खाली सरकतो. तोही ठीक होता. जुन्या, पात्यांच्या स्विचवर चालणाऱ्या जॉयस्टिक असतील तर तिथे पाते किंचित वाकवून अंतर कमी करता येते. मूळ रोबोट्रॉनच्या जॉयस्टिक याच पद्धतीच्या होत्या, आणि मायक्रोस्विचच्या तुलनेत ही सोय मला आजही अधिक शहाणपणाची वाटते.

शेवटी दोष सापडला तो जॉयस्टिकमध्ये नव्हे, पॅनेलच्या लाकडात. चौकोनी गेटमध्ये दांडा सरळ दिशेने जेवढा सरकतो त्याच्या सुमारे १.४१ पट तो कोपऱ्याकडे सरकतो, कारण चौकोनाचा कर्ण त्याच्या बाजूपेक्षा तेवढा मोठा असतो. दांडा ज्या छिद्रातून वर येतो ते छिद्र आम्ही वीस मिलिमीटरचे पाडले होते. सरळ दिशांना ते पुरे होते, कोपऱ्यांना काठोकाठ होते. पॅनेल एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे, होते आणि छिद्राची आतली कड आम्ही रंगवलेली नव्हती. पावसाळ्यात त्या कच्च्या कडेने ओलावा शोषला, लगदा फुगला आणि खिडकीच्या बाजूचा, म्हणजे नेमका वर-उजवा काठ आत सरकला. दांडा तिथे काठाला टेकत होता आणि दुसरा स्विच दाबला जाण्याआधीच थांबत होता. वरून धुळीसाठी लावलेली काळी चकती छिद्र झाकते, त्यामुळे हे कोणालाच दिसत नव्हते. हिवाळ्यात लाकूड सुकले की काठ थोडा मागे जाई आणि बिघाड आपोआप नाहीसा झाल्यासारखा वाटे. दुरुस्तीनंतर सुधारणा दिसे तिचे थोडे श्रेय या सुकण्यालाही होते.

हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. धुळीची चकती काढावी, दांड्याच्या पॅनेलजवळच्या भागाला खडू फासावा आणि दांडा आठही दिशांना जोरात फिरवावा. छिद्राच्या काठावर जिथे पांढरी खूण उमटेल तिथे दांडा अडतो आहे. खूण कुठेच उमटली नाही तर दांडा गेटलाच टेकतो आहे आणि पॅनेल निर्दोष आहे. आमच्याकडे वर-उजव्या काठावर बोटभर लांबीची स्पष्ट खूण उमटली.

आम्ही छिद्र सव्वीस मिलिमीटरचे केले, कडेला आतून प्रायमर आणि त्यावर लॅकरचे दोन हात दिले. ज्यांना पॅनेल नव्याने करायचे आहे त्यांनी एमडीएफच्या फंदात न पडता भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० चा शिक्का असलेले मरिन प्लाय आणावे. किंमत जास्त पडते, पण पॅनेलला लागणारा तुकडा लहान असतो, आणि खेळणाऱ्यांच्या तळहातांचा घाम व खोलीतला ओलावा दोन्ही त्याला सोसतात. छिद्रांच्या कडा मात्र त्याच्याही रंगवाव्यात. बसवताना जॉयस्टिकच्या चारही स्क्रूंवर ताण सारखा आहे ना हे पाहावे आणि दोन्ही जॉयस्टिक पाणसळीने एका पातळीत घ्याव्यात, कारण या खेळात जोर बराच लागतो आणि तिरकी बसलेली जॉयस्टिक तासाभराने मनगटाला जाणवते.

दोन्ही जॉयस्टिक आपसांत बदलत असतील तर

हा बिघाड तिरक्या दिशेचा नाही, पण याच खेळात तो इतक्या वेळा येतो की वगळता येत नाही. कॅबिनेट बंद करून चालू केले की कधी कधी डाव्या जॉयस्टिकने मारा होतो आणि उजवीने माणूस चालतो, आणि पुन्हा बंद-चालू केले की सारे जागेवर येते. प्रत्येक जॉयस्टिकला स्वतंत्र यूएसबी एन्कोडर असेल आणि दोन्ही एकाच बनावटीचे असतील, तर संगणकाला ते वेगळे ओळखण्याजोगे काही नसते. जो आधी दिसला तो पहिला ठरतो. लिनक्समध्ये यूएसबीच्या कोणत्या खाचेत काय जोडले आहे त्यावरून ओळख पटवणारे नियम लिहिता येतात, आणि ज्यांना त्याची सवय आहे त्यांनी तसे करावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे : दुसरा एन्कोडर काढूनच टाकावा. नेहमीच्या एन्कोडरवर जॉयस्टिकच्या जागेशिवाय बारा बटणांच्या जागा असतात आणि रोबोट्रॉनला गोळीचे बटण लागतच नाही. डावी जॉयस्टिक तिच्या नेहमीच्या जागी जोडावी, उजव्या जॉयस्टिकचे चार स्विच चार बटणांच्या जागी जोडावेत, आणि मेममध्ये माऱ्याच्या चार दिशांवर ती चार बटणे नेमावीत. स्विचला आपण बटणाला जोडलेले आहोत की दांड्याला, हे कळत नाही. टर्बो आणि ऑटोसाठी (बटण आपोआप पुन्हा पुन्हा दाबले जाण्याच्या सोयींसाठी) ज्या जागा असतात त्या तेवढ्या मोकळ्या सोडाव्यात, नाहीतर मारा तुटक होतो. हा बदल केल्यापासून आमच्या जॉयस्टिक एकदाही आपसांत बदललेल्या नाहीत.

या सर्व दुरुस्त्यांनंतर गेल्या वर्षीचा पूर्ण पावसाळा गेला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सलग पावसाच्या दिवसांत, आठही दिशांची चाचणी पुन्हा घेतली. दोन्ही जॉयस्टिकवर प्रत्येक दिशा पन्नास वेळा, तिरक्या दिशाही धरून. उजवीची सगळी बेरीज पूर्ण भरली. डाव्या जॉयस्टिकवर ‘खाली’ एकदा चुकला. तिच्यात अजून जुनेच, चांदीचे स्विच आहेत. तिचे चार सोन्याचे स्विच मागवले आहेत आणि तिच्या छिद्राची कड मेच्या उन्हात पॅनेल पूर्ण सुकले की रंगवायची आहे.